लिलावात कॅमेरा विकला, आता गिऱ्हाईक खाते नंबर मागतंय. द्यावा का?

सायली_कर्वेनगर (शनिवार, सकाळी १०:४०)

नमस्कार मंडळी. बाबांचा जुना याशिका मॅट १२४ जी कॅमेरा एका ऑनलाइन लिलावाच्या साईटवर लावला होता. दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून काचेत बघायचा तो. बाबांना हल्ली त्या काचेत नीट दिसत नाही, त्यामुळे त्यांनीच "काढून टाक" म्हणून सांगितलं. सात दिवसांचा लिलाव काल संपला आणि १४,५०० रुपयांना गेला. आमची अपेक्षा आठ-नऊ हजारांची होती, त्यामुळे रात्री घरी श्रीखंड झालं.

आता खरी गोची. पैशांचं विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापसात बघायचं, अशी या साईटची पद्धत आहे. बोली जिंकणारे गृहस्थ कोइमतूरचे. म्हणतात, फर्मच्या करंट खात्यातून एनईएफटी करतो. त्यासाठी खाते नंबर, आयएफएससी, बँकेत आहे तसं नाव, कॅन्सल्ड चेकचा फोटो आणि पॅन कार्डाचा फोटो पाठवा. नवरा म्हणतो, खाते नंबर दिला की खातं साफ झालंच म्हणून समज. बाबा म्हणतात, "मी चाळीस वर्षं चेक फाडले, प्रत्येकावर नंबर छापलेला होता, कोणी काय नेलं?" दोघंही बरोबर वाटतात. काय करू? पार्सल अजून घरातच आहे.

टवाळ_पेठकर (शनिवार, सकाळी १०:५२)

आधी श्रीखंडाचे पैसे नवऱ्याकडून वसूल करा. ते रोखीत घ्या.

माऊ (शनिवार, सकाळी ११:०५)

देऊ नका!! सविस्तर दुपारी लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

बँकवाला_निवृत्त (शनिवार, सकाळी ११:३०)

सायलीताई, तुमचे बाबा बरोबर आहेत.

खाते नंबर आणि आयएफएससी म्हणजे घराचा पत्ता. पत्ता कळला म्हणून कोणी कपाट उघडू शकत नाही. आयएफएससी तर गुपित नाहीच. अकरा अक्षरी कोड, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर सगळ्या शाखांचे कोड दिलेले आहेत. या दोन गोष्टींवर खात्यात पैसे येऊ शकतात. जायला काहीतरी जास्त लागतं: सही, ओटीपी, यूपीआय पिन, कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे, नेटबँकिंगचा पासवर्ड. यातलं काहीही त्या गृहस्थांनी मागितलं तर पुढे बोलूच नका.

चेकच्या फोटोबद्दल मात्र जपून. दोन आडव्या रेघा, मध्ये "कॅन्सल्ड" असं ठळक लिहा आणि सही करू नका. रद्द केलेल्या चेकवरही सवयीने सही ठोकणारे ग्राहक मी काउंटरवर शेकड्यांनी पाहिलेत. सहीचा नमुना आणि चेक नंबर दोन्ही एकदम कशाला कुणाच्या हातात द्यायचे? बनावट चेकचे प्रकार व्हायचे, म्हणून तर १ जानेवारी २०२१ पासून पन्नास हजारांच्या पुढच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पेची, म्हणजे चेकचे तपशील बँकेला आधीच कळवून ठेवायची, सोय आली.

पॅन अजिबात नको. साडेचौदा हजारांच्या जुन्या कॅमेऱ्याला पॅन कशाला?

पेठेतला_प्राणी (शनिवार, दुपारी १२:१०)

काका, आदर आहे, पण हे "पत्ता आणि कपाट" इतकं सोपं नाही. इंग्लंडमधलं जेरेमी क्लार्कसनचं प्रकरण आठवतंय का? टीव्हीवर गाड्यांचा कार्यक्रम करणारा तो. तिथल्या सरकारकडून २००७ मध्ये अडीच कोटी लोकांची माहिती असलेल्या डिस्क गहाळ झाल्या, तेव्हा ह्याने वर्तमानपत्रातल्या सदरात लिहिलं की उगाच बोंबाबोंब चाललीय, खाते नंबरने फक्त पैसे भरता येतात. आणि पुरावा म्हणून स्वतःचा नंबर छापून टाकला. कोणीतरी त्यावरून मधुमेहाचं काम करणाऱ्या संस्थेच्या नावे डायरेक्ट डेबिट चालू केलं. खात्यातून ५०० पौंड गेले. २००८ च्या जानेवारीत बिचाऱ्याने "मी चुकलो" असं लिहिलं.

म्हणजे तुमचंच वाक्य तो बोलला होता.

बँकवाला_निवृत्त (शनिवार, दुपारी १२:४५)

उदाहरण खरं आहे, पण ते तिथल्या पद्धतीचं. तिकडे डायरेक्ट डेबिटची सूचना संस्थेमार्फत जाते, बँक दर वेळी ग्राहकाला विचारत बसत नाही. आपल्याकडे हप्ते, एसआयपी वगैरे एनएसीएचच्या मँडेटवर, म्हणजे खात्यातून ठरावीक पैसे कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीवर जातात. कागदी मँडेटवर तुमची सही लागते, ती बँक जुळवून बघते. ऑनलाइन असेल तर नेटबँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधार ओटीपीने तुम्ही स्वतः मंजुरी द्यावी लागते. नुसत्या खाते नंबरावर ते उभं राहत नाही. बघा, इथेही गोष्ट सहीपाशीच आली.

पेठेतला_प्राणी (शनिवार, दुपारी १२:५१)

मान्य. म्हणजे सही वाचवा. (हे मी मान्य केल्याची नोंद घ्यावी, वर्षातून एकदा होतं.)

टवाळ_पेठकर (शनिवार, दुपारी १२:५८)

पेठेतल्या माणसाने दुपारी एकच्या आत चूक मान्य केली. दोन मिनिटांनी शटर पडलं असतं.

नाणेवेडा (शनिवार, दुपारी १:२०)

हा एक-ते-चारचा विनोद आता शंभर वर्षांचा होत आला असेल. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली त्याची नोंद करा, देशाबाहेर न्यायला बंदी येईल.

विनोद सोडा, पण ज्यांना जुन्या वस्तू परदेशी लिलावात विकायची हौस आहे त्यांनी हे खरंच लक्षात ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी, मूर्ती, भांडी खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं. शिवराई पाकिटात घालून कॅलिफोर्नियाला पाठवायला निघालेला माणूस मी स्वतः थांबवलाय. बँकेचे तपशील सुरक्षित, आणि विकणारा आत.

माऊ (शनिवार, दुपारी २:१५)

कुकर उतरला, भांडी झाली, आता लिहिते. मी हे फक्त इथे लिहितेय, घरी आजवर सांगितलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी लेकाची लहानपणची सायकल विकायला काढली. जुन्या सामानाच्या एका साईटवर, किंमत साडेतीन हजार. दहा मिनिटांत फोन. हिंदी, अतिशय अदबशीर. "मॅडम, मी आर्मीत आहे, पुण्यातच पोस्टिंग, सायकल मुलीसाठी हवी, माझा माणूस टेम्पो घेऊन येईल." घासाघीस नाही. तिथेच कळायला हवं होतं, पुण्यात जुन्या सायकलला घासाघीस न करणारा माणूस बघितलाय का कोणी? ओळखपत्राचा फोटो पाठवला, गणवेशातला.

मग म्हणाला, आमच्या अकाउंट्सची पद्धत आहे, आधी तुम्ही ५ रुपये पाठवा, तुम्हाला १० परत येतील, मग पूर्ण रक्कम. पाठवले. खरंच १० आले! मग त्याने एक क्यूआर पाठवला. "हा स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाका, पैसे जमा होतील." रक्कम ३,५०० दिसली, मी पिन टाकला. गेले. तो म्हणे, "अरे, सर्व्हर उलटा चालला, परत करा, दुप्पट येतील." आणि मी परत केलं. दोनदा. एकूण १०,५००.

माझा खाते नंबर त्याने कधी विचारलाही नव्हता.

चहाबाज (शनिवार, दुपारी २:२२)

माऊताई, लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या सोसायटीत एक निवृत्त प्राध्यापक ह्याच ५-१० च्या खेळात सोफ्यापायी गेले, तेही घरी सांगत नाहीत. मला कसं माहीत? सोफा अजून तिथेच आहे.

बँकवाला_निवृत्त (शनिवार, दुपारी ३:००)

माऊताई, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला होता का?

आणि बाकीच्यांसाठी: पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. पिन टाकलात म्हणजे तुम्ही देताय. पूर्वी "पैसे मागणे" अशी विनंतीही येत असे. त्यात लोक इतके फसले की १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोयच बंद केली. क्यूआर मात्र आहेच.

माऊ (शनिवार, दुपारी ३:१०)

केला काका, पण दुसऱ्या दिवशी. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले होते. बँकेत गेले तर तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. वाईट वाटलं, पण खोटं नव्हतं.

बँकवाला_निवृत्त (शनिवार, दुपारी ३:२५)

हो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात हा फरक आहे. तुमची आणि बँकेची दोघांचीही चूक नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. स्वतः पिन-ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून पहिल्या तासाभरातच १९३० लावायचा, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. लाज नंतर वाटून घ्या.

सायली_कर्वेनगर (शनिवार, संध्याकाळी ५:४०)

बापरे, धागा कुठे पोचला! माऊताई, तुम्हाला एक घट्ट मिठी. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. त्याचा पवित्रा आता "यूपीआय वाईट, एनईएफटी बरं" असा झालाय. बाबा झोपलेत.

चेकऐवजी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो चालेल का? त्यावर आमचा पत्ताही आहे.

अँपवाला (शनिवार, संध्याकाळी ७:०५)

सगळे "पैसे जातील" याच काळजीत आहेत. माझं उलट झालं. पैसे आले आणि मी अडकलो.

गिटारचा ॲम्प्लिफायर विकला, १८,०००. मुलगा घरी आला, वाजवून बघितला, यूपीआयने पैसे दिले, मी बँकेच्या ॲपमध्ये बघितले, ॲम्प दिला. चहा पाजला त्याला. सतरा दिवसांनी पेट्रोल पंपावर पेमेंट होईना. बँक म्हणे, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून डेबिट फ्रीझ. त्या मुलाने मला दिलेले पैसे कुठल्यातरी फसवणुकीतून आले होते आणि साखळीत पुढचं खातं माझं. पगाराचं खातं! घराचा हप्ता उसळला, एसआयपी उसळल्या, कामवाल्या मावशींना वहिनीकडून उसने घेऊन पगार दिला. दोन महिने मेला-मेली, अर्ज, चॅटचे प्रिंट, ॲम्पच्या मूळ बिलाची प्रत. शेवटी पूर्ण खात्यावरचा फ्रीझ काढून १८,००० पुरतं लीन ठेवलं, म्हणजे तेवढीच रक्कम अडकवून ठेवली.

म्हणजे मी सगळं बरोबर केलं होतं, कोणाला ओटीपी दिला नव्हता, पिन दिला नव्हता.

पेठेतला_प्राणी (शनिवार, संध्याकाळी ७:२०)

हे भयंकर आहे. पोलीस असं थेट गोठवू शकतात?

वकील_नाही_पण (शनिवार, संध्याकाळी ७:५०)

संशयित मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १०६. बँकेकडून पत्राचा जावक क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचा संपर्क लेखी मागायचा. त्याशिवाय तुम्ही कोणाशी भांडताय हेच कळत नाही. आणि वस्तू विकल्याचा माग ठेवायचा: जाहिरातीचं पान, बोली संपल्याचा मेल, संवाद, कुरिअरची पावती. दहा-वीस रुपयांच्या प्रिंट आहेत, काढून ठेवा.

अँपवाला (शनिवार, रात्री ८:१०)

अगदी. आणि विकाविकीसाठी वेगळं बचत खातं. त्यात चार-पाच हजार, पगार-हप्ते काही नाही, आले पैसे की आठवड्याने हलवायचे. आता माझं तसंच आहे.

गल्लीतला_गणू (शनिवार, रात्री ८:३५)

इतकं सगळं करण्यापेक्षा बुधवार-रविवारी जुन्या बाजारात नेऊन रोखीत विका ना.

नाणेवेडा (शनिवार, रात्री ८:४०)

जुन्या बाजारात याशिका नेलात तर दोन हजार हातात पडतील, आणि पुढच्या रविवारी तोच कॅमेरा तिथेच नऊ हजारांना दिसेल. मी तिथला पडीक आहे, घेणाऱ्याच्या बाजूने बोलतोय.

तबकडी (रविवार, सकाळी ८:१५)

मी जुन्या एलपी परदेशात विकतो, तिकडची एक गंमत सांगतो. खरं तर गंमत नाही.

जर्मनीच्या गिऱ्हाइकाने पेपॅलने पैसे दिले, असा मेल आला. त्यात लिहिलेलं, रक्कम जमा आहे पण रोखून ठेवली आहे, पार्सलचा ट्रॅकिंग नंबर कळवा, मग मोकळी होईल. मेलवर चिन्ह वगैरे सगळं हुबेहूब. खात्यात स्वतः लॉगिन करून बघितलं तर शून्य. मेलमधल्या दुव्यावर न जाता पत्ता हाताने टाइप करून गेलो, एवढंच माझं शहाणपण. आणि खरे पैसे आले तरी पेपॅलवर गिऱ्हाईक १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतं, हे गृहीत धरावं लागतं. त्या मानाने बँकेतून आलेली एनईएफटी पाठवणाऱ्याला सहज मागे ओढता येत नाही.

देशातल्या देशात पेपॅल १ एप्रिल २०२१ पासून बंदच आहे, त्यामुळे कोणी "पुण्यातच राहतो, पेपॅल करतो" म्हणाला की दार लावा.

अवांतर: आपल्याकडे इ-बे होतं तेव्हा पैसापे नावाची सोय होती. पैसे मध्येच थांबायचे, वस्तू पोचली की विकणाऱ्याला मिळायचे. २०१८ मध्ये ते दुकान बंद झालं, आणि आपण परत एकमेकांचे खाते नंबर मागायला लागलो.

चहाबाज (रविवार, सकाळी ८:४०)

त्याआधी व्ही.पी. होतीच की! पोस्टमन दारात, पैसे द्या, पुडकं घ्या. आजोबा पुस्तकं व्ही.पी.नेच मागवायचे. कोणाला कोणाचा खाते नंबर माहीत नव्हता, कारण बऱ्याच जणांना खातंच नव्हतं.

माऊ (रविवार, सकाळी ९:०५)

व्ही.पी. सोडवायला पैसे नाहीत म्हणून आजी पोस्टमनला "उद्या या" सांगायची, ते आठवलं.

कोथरूडची_जुई (रविवार, सकाळी ९:३०)

एक राहिलंच. घरी न्यायला आलेला माणूस मोबाइल पुढे करतो, हिरवी टिकली दिसते, "झालं बघा ताई". तसला पडदा दाखवणारी खोटी ॲप असतात. एसएमएसही येतो, पण तो कुठल्यातरी दहा आकडी मोबाइल नंबरवरून. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला पंधरा रुपयांच्या मेथीच्या जुडीला साउंडबॉक्स बोलेपर्यंत पिशवी सोडत नाही, आणि आपण सुशिक्षित माणसं संकोचतो. "थांबा, माझ्या बँकेत बघते" म्हणायला लाज कसली?

तसंच "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" याला भुलू नका. हाही तोच खोट्या एसएमएसवाला खेळ असतो. खरंच जास्त आले असतील तर त्यांनी त्यांच्या बँकेला सांगावं.

टवाळ_पेठकर (रविवार, सकाळी ९:४२)

माझ्या खात्यात आजवर चुकून एक रुपया जास्त आला नाही. माझा नंबर कोणालातरी द्या रे.

संपादक_मंडळ (रविवार, सकाळी १०:००)

कृपया कोणीही गंमत म्हणूनही खाते नंबर, मोबाइल नंबर किंवा यूपीआय आयडी इथे लिहू नये. दोन प्रतिसाद उडवले आहेत. कॅमेऱ्यासाठी धाग्यावर बोली लावणाऱ्यांनीही आवरावे, लिलाव संपला आहे.

बँकवाला_निवृत्त (रविवार, सकाळी १०:२०)

सायलीताई, पासबुकाचा प्रश्न राहून गेला. चालेल, पण पत्ता, जन्मतारीख, ग्राहक क्रमांक यावर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा. नाव, खाते नंबर, आयएफएससी एवढंच दिसू दे. आणि फोटो ज्याच्यासाठी आहे ते त्यावरच लिहा: "फक्त याशिका कॅमेरा विक्रीसाठी", खाली तारीख. बोली जिंकलेल्याच्या खासगी निरोपातच पाठवा, जाहिरातीच्या पानावर नको.

त्यांना आधी १ रुपया पाठवायला सांगा. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी करताना खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय बँकांना द्यायला लावलीय, त्यामुळे त्यांच्या फर्मलाही खात्री पटेल. मग चेकचा हट्ट सुटेल बहुतेक.

अँपवाल्यांचा अनुभव वाचून माझं एक मत बदललं. मी नेहमी सांगत आलो की खाते नंबर द्यायला हरकत नाही. आता विचारेन, कुठल्या खात्याचा?

सायली_कर्वेनगर (बुधवार, रात्री ९:१५)

आले!

कॉलेजात असताना उघडलेलं एक बचत खातं बाबांच्या सहकारी बँकेत पडून होतं, २,३१० रुपये शिल्लक. ते वापरलं. केवायसी जुनं झालं होतं म्हणून सोमवारी शाखेत जावं लागलं. पासबुकाचा फोटो काकांनी सांगितल्याप्रमाणे, पट्टी लावून. पॅन देणार नाही सांगितलं तर ते गृहस्थ लगेच म्हणाले, ठीक आहे, आमच्या अकाउंटंटचा फॉर्म सगळ्यांना तेच विचारतो. मंगळवारी १ रुपया आला, मग पाऊण तासाने उरलेले १४,४९९. एक रुपया वजा करून पाठवलेला बघून बाबा म्हणाले, "माणूस सरळ आहे, हिशोबाचा पक्का." कॅमेरा आज कुरिअरने गेला. लिलावाचं पान, संवाद, पावती, सगळ्याच्या प्रिंट काढून फाइलला लावल्या.

नवरा आता सासूबाईंना फोनवर समजावतोय की खाते नंबर म्हणजे घराचा पत्ता असतो, कपाट नाही.

बँकवाला_निवृत्त (बुधवार, रात्री ९:३०)

छान. पैसे आठवडाभर तिथेच असू द्या.

टवाळ_पेठकर (बुधवार, रात्री ९:३४)

आणि श्रीखंड?

सायली_कर्वेनगर (बुधवार, रात्री ९:४०)

ते नवऱ्याने माझ्याच कार्डावर आणलं होतं, आज स्टेटमेंट बघताना कळलं.